चुलीचा जिल्हा

तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असतो आणि चौथीला महाराष्ट्राचा. मी चौथी पुरी केलीच नाही, त्यामुळे महाराष्ट्र माझा राहूनच गेला. मला येत होता तो एकच जिल्हा, रत्नागिरी. उत्तरेला कुलाबा, पूर्वेला सातारा, सांगली, कोल्हापूर, दक्षिणेला गोवा, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये आम्ही. अजूनही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. मी घाटकोपरच्या डोंगरावर भात शिजवत होते तेव्हा सरकारने नेमका तोच जिल्हा मोडला आणि त्याचे दोन केले. वर रत्नागिरी राहिला, खाली सिंधुदुर्ग झाला, आणि मधली हद्द म्हणून आमची खाडी धरली. माझं होतं नव्हतं तेवढं शिक्षण एका दिवसात जुनं झालं.

एवढ्यावर मी हसून गप्प बसले असते. खाडीच्या दक्षिणेकडच्या लोकांचं त्यात भलंच होतं. एका सही-शिक्क्यासाठी रत्नागिरीला जायचं तर एसटीत दिवस मोडायचा, आणि साहेब जागेवर नसला तर तिथेच कुणाच्या तरी ओटीवर मुक्काम. त्यांची कचेरी त्यांच्या जवळ यायलाच हवी होती. माझं भांडण सरकारच्या रेघेशी नव्हतंच. ती रेघ घाट, नद्या, पूल ओलांडून घाटकोपरला माझ्या पडवीत आली, भांडण तिथून सुरू झालं.

आमची खोली म्हणजे एकट्या बाप्यांची खोली. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून मुंबईला आलेली माणसं. कुणी कारखान्यात, कुणी गोदीत, कुणी हॉटेलात. बायकापोरं गावी. त्यांच्या आधीच्या पिढीने वर्गणी काढून डोंगरावर एक लांबट खोली उभी केली होती. रातपाळीवाले दिवसा झोपत, दिवसपाळीवाले रात्री. प्रत्येकाची भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक पत्र्याची ट्रंक. खुंटी असली की तो माणूस खोलीचा, बाकी काही कागद नाही. दोन्ही काठांचे लोक एकत्र कसे, हे कधी कुणी विचारलं नाही, कारण आमच्याकडे खाडी ही वाट आहे. होडीत बसलं की पलीकडे. बाजार पलीकडे, हाड बसवणारा अलीकडे, सोयरीक दोन्हीकडे. मुंबईहून जाताना आधी लागतो तो अलीकडचा काठ, ते माझं माहेर. पलीकडच्या काठावर सासर. माझी वरात होडीतूनच गेली, आणि पाण्याच्या मधोमध कुठे रेघबिघ लागली नाही.

नवऱ्याची खुंटी दाराजवळ होती. त्याने मला मुंबईला आणलं, डोंगरावरच भाड्याने एक झोपडं घेतलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात काविळीने तो गेला. इस्पितळात त्याच्या उशाशी आळीपाळीने बसले ते खोलीतलेच बाप्ये. तेराव्यानंतर मी ट्रंक बांधून बसले होते. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. सासरी दिराने माझी भांडी आधीच गोठ्याच्या माळ्यावर टाकली होती, आणि माहेरी भावजय मला बघितल्यावर पहिलं वाक्य म्हणायची, "परत कधी जातलंस?" तेव्हा खोलीतले लोक आले. पुढे उभे होते आबा. आबा म्हणजे खोलीतले सगळ्यांत जुने, माझ्या माहेरच्या काठाचे. ते म्हणाले, "बाय, मागची पडवी झाडून दिलेली हा. थंय रव, आमका जेवण कर."

तेवढंच. उपकार केले असं दाखवणंसुद्धा नाही. मी त्या पडवीत मातीची चूल घातली, वखारीतली ढलपी आणून पेटवली आणि त्या दिवसापासून खोलीचं जेवण माझ्याकडे आलं. ज्यांनी मला रस्त्यावर पडू दिलं नाही त्यांना मी आजही हात जोडते. पण एक सांगते, उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला सतत भीती असते. मी मुळातच भित्री. कडी लावली का बघायला पुन्हा पुन्हा उठायची. भात जरा मऊ झाला तरी वाटायचं, आता काढतील. कुणी "वयनी, जरा हकडे ये गो" म्हटलं तरी माझी नजर आधी ट्रंकेकडे जायची.

ह्या हाकांचं सांगायला हवं. अलीकडच्या काठाचे लोक मला "बाय" म्हणत, कारण मी त्यांच्या गावची लेक. पलीकडचे "वयनी" म्हणत, कारण मी त्यांच्या भावाची बायको. एकाच पंगतीत दोन्ही हाका. "बाय, आमटी वाढ!" "वयनी, माका भात!" मी दोन्हींना वळायची. त्या दोन हाकांवर माझं सगळं उभं होतं.

नवा जिल्हा झाला त्या दिवशी पलीकडच्यांनी पेढे वाटले. त्यांचा पुढारी बसवर कंडक्टर होता, त्याला सगळे कंडक्टरच म्हणायचे. गोरा, ठेंगणा, आवाज बसच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाईल असा. आबांपुढे पुडा धरून म्हणाला, "घेवा आबा! आजपासून तुमी आमचे पावणे."

आबांनी पेढा उचलून उलटसुलट बघितला. "अर्धो जिल्हो नेलास मेल्या, आणि पेढो एवढोसोच?"

सगळे हसले. मी पण हसले. वाटलं, झालं, संपलं.

पण माणसांना एकदा वेगळं नाव मिळालं की त्या नावाला वेगळी भिंत लागते. आधी वर्गणी काढणारं खोलीचं एकच मंडळ होतं, त्याची दोन झाली. मग खुंट्या हलल्या. अलीकडच्यांच्या उजव्या भिंतीवर, पलीकडच्यांच्या डाव्या. मग ट्रंका मध्ये ओळीने लावल्या, कुणी ठरवलं नव्हतं, पण लागल्या. आता गंमत अशी झाली की दार गेलं पलीकडच्यांच्या वाट्याला आणि पाण्याचं पिंप राहिलं अलीकडच्यांकडे. पाणी प्यायला ट्रंका ओलांडायच्या आणि बाहेर जायलाही ओलांडायच्या. माझी शेजारीण साताऱ्याची, नवरा माथाडी. ती दारातून बघत होती. मला म्हणाली, "अगं, मुलुंडचा जकात नाका हितंच आणा की. तांब्यामागं काय जकात लावायची ती लावा!" मग आवाज खाली करून म्हणाली, "पर तू कुनाकडं गं?"

मी म्हटलं, "मी चुलीकडे."

बोलायला बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात मला कळलं की हाका बदलल्या आहेत.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. उजव्या भिंतीचा एक जण ताट घेऊन आला आणि म्हणाला, "वयनी, वाढ." मी चमकले. हा माझ्या माहेरच्या वाडीतला, लहानपणी माझ्याबरोबर करवंदं तोडायला आलेला. मी काय म्हणून त्याची वयनी? मग डाव्या भिंतीचा एक जण आला आणि त्याने हाक मारली, "बाय!" एकेक करत सगळ्यांनी अदलाबदल केली. माहेरचे मला सासरची म्हणू लागले आणि सासरचे माहेरची. कुणी शिकवलं नव्हतं. दोन्ही बाजूंना मी दुसऱ्या बाजूची हवी होते.

कारण पडवी. खोली वाटता आली, खुंट्या वाटता आल्या, पण पडवी एकच होती आणि दोन्ही मंडळांना आपापलं वेगळं स्वयंपाकघर हवं होतं. पलीकडच्यांना त्यांच्या गावचा एक आचारी मिळाला होता. अलीकडचे म्हणत, आम्ही आळीपाळीने रांधू. पडवी कुणाला द्यायची हे भांडण चालूच होतं, पण त्या आधी पडवी रिकामी व्हायला हवी, ह्यावर दोन्ही जिल्ह्यांचं एकमत झालं. एकमत झालं ते फक्त एवढ्याच गोष्टीवर.

रविवारी दुपारी दोघे मिळून माझ्याकडे आले, आबा आणि कंडक्टर. मी कुळथाची पिठी ढवळत होते.

कंडक्टर म्हणाला, "बाय, आमी सगळ्यांनी विचार केलो. तुझा असा हंय किती दिवस चालतला? शिमग्याक लोक गावाक जातत, तेंच्या संगतीन् तू पण जा. तिकीट मंडळ देयत."

"खंयच्या गावाक?" मी विचारलं.

"माहेराक."

आबा लगेच म्हणाले, "माहेराक कित्याक? लगीन झाल्लेली बाई सासरची. सासराक जावंदे."

"आबा, तिचो घोव गेलो, सासर संपला."

"घोव गेलो म्हणान् सासर जाता? खंयचो कायदो हो? तुझ्या नव्या जिल्ह्याचो?"

आणि ते दोघं माझ्यापुढे उभं राहून भांडायला लागले की मी कुणाची नाही. पिठीला कढ आला. पळी टोपाच्या काठावर वाजत होती, आणि तोंडातून शब्द आले ते माझे मलाच अनोळखी वाटले.

"मी जाणार नाही."

दोघं थांबले. मी मराठी शाळेतलं बोलले होते, गावचं नाही. परक्याशी बोलावं तसं.

"म्हणजे?" कंडक्टर.

"म्हणजे जाणार नाही. चूल मी घातली. जिल्हा तुमचा फुटला, माझी चूल नाही फुटली."

कंडक्टर हसला. वाईट माणूस नव्हता तो; नवऱ्याला खांदा दिला होता त्याने. "बघू मगे," म्हणाला. "पूजा होवंदे. देवासमोर काय ता ठरात."

सव्वीस जानेवारीला सगळ्यांना सुट्टी असायची, म्हणून खोलीची पूजा त्या दिवशी. दोन मंडळं झाली तरी त्या वर्षी पूजा एकच होती, कारण गाऱ्हाणं घालणारे आबा एकटेच. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने केलेलं मागणं. एक जाणता माणूस उभा राहून एकेक वाक्य बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कोकणातलं पोर बोलायला लागल्यापासून हे म्हणत असतं. त्यात ऐकून, विचार करून म्हणणं असं नसतं. वरचा आवाज "रे म्हाराजा" वर थांबला की खालून "व्हय म्हाराजा" येणारच, शिंक यावी तसं. आणि आमच्या खाडीवरची रीत अशी की नारळ फुटतो त्याच्या आधीचं शेवटचं बोलणं ते देवाने ऐकलेलं. ते मग कुणाला मोडता येत नाही.

पूजेच्या वेळी मी खोलीत पुढे जात नसे. विधवा बाईने मागेच राहायचं. मी पडवीच्या चौकटीत उभी होते, हाताला तांदळाचं पीठ. ट्रंका त्या दिवसापुरत्या भिंतीला सरकवल्या होत्या, पण माणसं बसली होती ती आपापल्याच बाजूला. मध्ये फरशीची पट्टी मोकळी.

आबांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खाडीच्या काठार, डोंगराच्या माथ्यार राखण करणाऱ्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां हंय मुंबयत जमली हत, तेंनी जो काय नारळ-इडो ठेवलो हा तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची नोकरी, कोणाचो धंदो, कोणाचा दुखणा, वाकड्याचा सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी पण म्हणत होते. डोळे मिटलेले. मग आबांचा आवाज जरा अडखळला.

"आणि ही जी पडवी हा, ती दोन्ही मंडळांच्या कामाक मोकळी होवंदे, आणि तिच्यात रवणाऱ्या बाईक तिच्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात माझाही आवाज होता.

मला तो ऐकू आला. स्वतःलाच घराबाहेर काढायला स्वतःच होकार दिला, आणि तोही भक्तिभावाने. अंगावर सरसरून काटा आला. पण काटा आला त्याच क्षणी डोकं उघडलंही. माझं तोंड जसं आपोआप बोललं तशीच ह्या सगळ्यांची बोलतात. आबा नारळ फोडायला खाली वाकत होते. दगडापाशी हात गेला होता.

मी त्या मोकळ्या पट्टीवरून चालत पुढे गेले. पाय माझे नव्हते. पिठाचे हात जोडले आणि ओरडले, कारण हळू बोलले असते तर आवाज फुटलाच नसता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

बाई कधी गाऱ्हाणं घालत नाही. काही जणांनी माना वर केल्या, पण तोपर्यंत मी पुढचं वाक्य टाकलं होतं. थांबले असते तर संपले असते.

"अलीकडच्या देवा, पलीकडच्या देवा, आणि मधल्या पाण्यातल्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी बाई माहेरान् अलीकडची आणि सासरान् पलीकडची हा, तिका ह्या चुलीवरसून कोणी हलवचो नाय असो तुझो हुकूम होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरात जो कोण दुसरी चूल घालीत, तेचो भात जल्मभर कच्चो रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कंडक्टरचा होता. बसच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत.

 पडवीत भाताच्या टोपावरचं झाकण हलत होतं ते ऐकू येत होतं. कंडक्टरच आधी भानावर आला. "अरे मेल्यांनो!" तो दोन्ही भिंतींकडे बघत ओरडला. "व्हय काय म्हणतास? व्हय काय?"

उजव्या भिंतीकडून कुणीतरी म्हणालं, "तूच पयलो म्हटलंस."

"मी सवयीन् म्हटलंय!"

"मगे आमी काय हौशीन् म्हटलो?"

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग ते आवरेना. माझं मात्र हसू कुठेच नव्हतं. मी आबांकडे बघत होते. नारळ अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं असतं तर माझं मागे पडलं असतं. आबा माझ्याच गावचे, त्यांच्याच मंडळाला पडवी हवी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, मी खोटं सांगत नाही. बाईने आपलं काम हातातून घेतलं ह्याचा राग.

"आबा, तुमी बोला परत!" कंडक्टर म्हणाला. "तिच्या बोलण्यार नारळ फोडू नका!"

आबांनी नारळ दगडावर टेकवला. "मी काय बोलू? मी बोललंय तेका व्हय म्हटलास, ती बोलली तेका पण व्हय म्हटलास. उद्या कुत्रो भुंकलो तर तेका पण व्हय म्हणशात." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "झाला तुझा, गो? की आणखी काय मागाचा रवला?"

 मी म्हटलं, "झाला."

त्यांनी नारळ फोडला.

माझा आवाज पुन्हा तेवढा मोठा कधी झाला नाही. रात्री मला ताप भरला, शेजारणीने येऊन चूल सांभाळली. "आगं, तू तर भित्री ना?" ती विचारत होती, आणि मी गोधडीत थरथरत म्हणत होते, आहे ना, बघ की.

मला कुणी म्हणतं, शेवटी सगळे एक झाले असतील. नाही झाले. दोन मंडळं दोनच राहिली. खुंट्या आपापल्या भिंतीवर राहिल्या. पुढल्या वर्षापासून पूजाही दोन झाल्या, आणि दोन्हींचा प्रसाद मीच केला. त्यांच्या जिल्ह्यांना मी कधी नाव ठेवलं नाही; राज्य चालवायला रेघा लागतच असतील, मला त्यातलं कळत नाही. चौथी झाली असती तर कदाचित कळलं असतं. मला एवढंच कळतं की जमीन वाटायला बसलेल्या माणसांनी आधी विचारावं, तिथे कुणी रांधत आहे का.

आणि आभार मी आजही मानते. त्या लोकांनी मला पडवी दिली, हे खरं. त्यांनी ती परत मागितली आणि मी दिली नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडाने सांगते.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला ताट घेऊन आला तो कंडक्टर. त्याची सकाळची पाळी असायची, तो भुकेला यायचा. पडवीच्या चौकटीत येऊन उभा राहिला आणि तोंड उघडून तसाच थांबला. वयनी म्हणायचं की बाय, ते त्याला ठरवता येईना. बाय म्हटलं तर मी अलीकडची, मग त्याच्या भावाची कोण? वयनी म्हटलं तर मी पलीकडची, मग काल एवढं भांडला कशाला? त्याने एकदा ट्रंकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुका आता काय म्हणान् हाक मारू गो?" शेवटी त्याने विचारलं.

भात उकडा होता, आणि चांगला शिजला होता. मी डाव भरून घेतला.

"हाक कित्याक?" मी म्हटलं. "मी खंय जातंय? ताट पुढे कर."